जनुकांचें दप्तर : यीस्टच्या पेशींतील हिस्टोनांवरील खुणा

बीं चांगलें असेल तर पीक चांगलें येईल, हा आपल्या धंद्यांतील पहिला समज होय, आणि तो खोटा नाहीं. तथापि एकाच पोत्यांतील सोयाबीन दोन शेतांत पेरलें असतां एका शेतांत तें शेंगांनीं लगडतें व दुसऱ्या शेतांत वीतभर वाढून थांबतें, हें लातूर-नांदेडकडील प्रत्येक शेतकऱ्यानें पाहिलें आहे. बीं एक, मग फळ दोन प्रकारचें कां? पाणी, खत व जमीन यांचा हा फरक, असें उत्तर आपण देतों, व तें बरोबरच आहे. परंतु बाहेरचें पाणी व खत पेशीच्या आंतील गुणबीजांशीं कोणत्या रीतीनें व्यवहार करितात, हा प्रश्न तरीहि शिल्लक राहतो. त्याच्या उत्तराचा एक मोठा भाग शास्त्रज्ञांस यीस्ट नांवाच्या अगदीं क्षुद्र जीवाकडून मिळाला.

या लेखांत आम्ही वाचकांस त्या जीवाच्या पेशींत घेऊन जाणार आहों. विषय सूक्ष्म आहे. पण जो शेतकरी खरेदीखत, सातबारा व फेरफार यांतील बारकावे समजून घेतो, त्यास तो अवघड वाटूं नये. शेवटीं या ज्ञानाचा बियाणें निवडण्याच्या कामीं काय उपयोग आहे, तेंहि सांगूं.

१. यीस्ट : ओळखीचा नोकर

यीस्ट ही एकाच पेशीची बुरशी होय. एकटी पेशी डोळ्यांस दिसत नाहीं, परंतु तिचें काम सर्वांच्या ओळखीचें आहे. देगलूर, बिलोली, धर्माबाद या बाजूस शिंदीचा गोड रस पहांटे उतरवितात, तो दिवस चढतां फेसाळून आंबतो. बेकरींत पावाची कणीक फुगते. मांजरा व गोदावरी यांच्या कांठच्या उसाची साखर निघाल्यावर जी मळी उरते, तिच्यापासून मद्यार्क तयार होतो. या तिन्ही ठिकाणीं यीस्टच साखर खाऊन तिचा मद्यार्क व वायु करितें. हिशेबानें पाहतां १०० भाग ग्लुकोज साखरेपासून सुमारें ५१ भाग मद्यार्क व ४९ भाग कार्बन डायऑक्साइड वायु होतो. पावांत हा वायु उपयोगी पडतो, कारखान्यांत मद्यार्क उपयोगी पडतो.

पुण्यास १९५० सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत उद्योगोपयोगी सूक्ष्म जीवांचा मोठा संग्रह जतन केलेला आहे, व त्यांत यीस्टचे अनेक वाण आहेत. जसे जोंधळ्याचे वाण असतात तसेच यीस्टचेहि असतात. कोणी उष्णता सोसतो, कोणी अधिक मद्यार्क सोसतो. मांजरी येथील वसंतदादा साखर संस्थेंतहि मळीपासून मद्यार्क करण्याच्या कामाचा अभ्यास चालतो.

परंतु शास्त्रज्ञांनीं यीस्टला जवळ केलें तें निराळ्या कारणानें. अनुकूल स्थितींत त्याची पेशी सुमारें दीड ते दोन तासांत दुप्पट होते. म्हणजे आपल्या पिकांच्या पंचवीस पिढ्या पाहण्यास जेथें पंचवीस वर्षें लागतील, तेथें यीस्टच्या तितक्याच पिढ्या दोन दिवसांत दिसतात. शिवाय वनस्पती व प्राणी यांच्या पेशींप्रमाणेंच यीस्टच्या पेशीस स्वतंत्र केंद्रक असतें. या केंद्रकांतील सर्व आनुवंशिक लेख १९९६ सालीं वाचून पुरा झाला. सोळा गुणसूत्रें, सुमारें १ कोटि २० लक्ष अक्षरजोड्या व सुमारें ६,००० जनुकें, असा तो ग्रंथ आहे. जनुक म्हणजे एखादें प्रथिन कसें बनवावें हें सांगणारा त्या लेखांतील एक कलम, असें समजावें.

२. धागा व फिरकी

हा लेख ज्या धाग्यावर लिहिलेला असतो, त्यास डी.एन.ए. म्हणतात. धागा फार लांब व केंद्रक फार लहान; म्हणून तो सुटा ठेवतां येत नाहीं, गुंडाळून ठेवावा लागतो. गुंडाळण्याकरितां पेशीनें लहान लहान फिरक्या केल्या आहेत. या फिरक्या ज्या प्रथिनांच्या बनतात तीं हिस्टोन प्रथिनें होत. त्यांचा शोध आल्ब्रेख्ट कोसेल या जर्मन शास्त्रज्ञास १८८४ सालीं लागला. परंतु त्यांची रचना कळण्यास पुढें नव्वद वर्षें लागलीं. १९७४ सालीं रॉजर कॉर्नबर्ग यांनीं असें मांडलें कीं, चार प्रकारचीं हिस्टोनें प्रत्येकीं दोन, अशीं आठ एकत्र येऊन एक फिरकी होते. या फिरकीभोंवतीं १४७ अक्षरजोड्यांचा धागा पावणेदोन वेढ्यांहून किंचित् कमी इतका गुंडाळलेला असतो. १९९७ सालीं क्ष-किरणांच्या साहाय्यानें या फिरकीचें बारीक चित्र मिळालें, तेव्हां ही गोष्ट पूर्णपणें सिद्ध झाली.

पुष्कळ काळ विद्वानांची अशी समजूत होती कीं, हिस्टोनें म्हणजे केवळ बांधावयाचें सामान. पोत्यास सुतळी लागते तशीं धाग्यास हिस्टोनें लागतात, यापलीकडे त्यांचें महत्त्व नाहीं. ही समजूत कशी बदलली तें पाहण्यापूर्वीं एक दाखला घेऊं.

३. दप्तराचा दाखला

जुन्या काळीं पाटील-कुळकर्ण्यांचीं व सरकारी दप्तरें रुमालांत बांधून ठेवीत. प्रत्येक रुमालास गांठ असे व वर चिठी असे. आंतील कागद तोच असला, तरी रुमाल बांधलेला असेल तोंपर्यंत त्या कागदाचा कोणासहि उपयोग नाहीं. गांठ सैल करून रुमाल उघडला म्हणजेच लेख वाचला जातो व त्याप्रमाणें अंमल होतो. कोणता रुमाल उघडावा, कोणता बांधून ठेवावा, हें वरच्या चिठीवरून ठरतें.

पेशींतहि अगदीं असाच कारभार आहे. जनुक हा कागद. हिस्टोनांची फिरकी हा रुमाल. फिरकींतून हिस्टोनांचीं शेपटें बाहेर लोंबतात, व त्या शेपटांवर पेशी लहान लहान रासायनिक खुणा करिते. याच त्या चिठ्या. त्यांपैकीं मुख्य खूण ॲसिटिल नांवाची होय. शिरक्यांत जें आम्ल असतें, त्याचाच हा अंश. हिस्टोनाच्या शेपटावर धन विद्युत् असते व डी.एन.ए.च्या धाग्यावर ऋण. म्हणून दोहोंची पकड घट्ट बसते. शेपटावर ॲसिटिल बसला म्हणजे त्या जागेची धन विद्युत् नाहींशी होते व गांठ सैल पडते. ॲसिटिल काढून घेतला म्हणजे गांठ पुन्हां आवळते. दुसरी खूण मेथिल नांवाची. ती गांठ सैल करीत नाहीं; "हें प्रकरण सध्यां चालू आहे" किंवा "येथपर्यंत वाचून झालें" अशा शेऱ्यासारखी ती असते, व तो शेरा पाहून निरनिराळीं प्रथिनें आपापलें काम करितात.

कागदांतील एक अक्षरहि न बदलतां केवळ या खुणांच्या फेरबदलानें पेशीचें वागणें बदलतें, ही या विषयांतील मुख्य गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

४. हें कसें सिद्ध झालें

हिस्टोनांवरील ॲसिटिलाचा जनुकांच्या कामाशीं संबंध असावा, असा तर्क व्हिन्सेंट ऑलफ्री यांनीं १९६४ सालीं केला. परंतु तर्क व पुरावा यांत अंतर असतें. पुरावा यीस्टनें दिला.

अमेरिकेंतील मायकेल ग्रनस्टीन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं असें यीस्ट तयार केलें कीं, ज्यांतील एका हिस्टोनाचा पुरवठा मनास येईल तेव्हां बंद करितां यावा. यीस्टमध्यें एक जनुक असें आहे कीं, स्फुरदाची टंचाई पडली म्हणजेच तें जागें होतें व स्फुरद मिळविण्याचें विकर बनवितें. स्फुरद भरपूर असेल तर तें निजून असतें. १९८८ सालीं प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत हिस्टोनाचा पुरवठा तोडतांच, स्फुरद भरपूर असूनहि, हें जनुक जागें झालें. रुमालच नाहींसा झाल्यावर कागद उघडा पडला! फिरकी ही केवळ सुतळी नसून तीच जनुकास आवरून धरिते, हें यावरून दिसलें.

त्यानंतर त्यांनीं फिरकी तशीच ठेवून फक्त शेपटांत फेरफार केला. १९९१ सालीं असें आढळलें कीं, एच-४ या हिस्टोनाचें शेपूट छाटलें तर गॅलॅक्टोज साखर पचविणारें जनुक नेहमीच्या जोरानें जागें होईना. उलट पुढील वर्षीं एच-३ या हिस्टोनाच्या शेपटांत बिघाड केला तेव्हां तेंच जनुक नेहमीपेक्षां अधिक जोरानें चालूं लागलें. म्हणजे एक शेपूट उघडण्यास लागतें व दुसरें आवरण्यास. शेपटांवरील खुणांस खरोखरच अधिकार आहे, हें यावरून दिसून आलें.

मग या खुणा करितो कोण? १९९६ सालीं या प्रश्नाचीं दोन्ही अंगें एकदमच उलगडलीं. डेव्हिड ॲलिस यांच्या प्रयोगशाळेनें तळ्यांतील एका सूक्ष्म जीवांतून ॲसिटिल चढविणारें विकर वेगळें केलें, तेव्हां तें यीस्टमधील जीसीएन-५ या पूर्वींपासून माहीत असलेल्या प्रथिनाचें भावंड निघालें. आणि जीसीएन-५ हें जनुकें जागीं करणारें म्हणून प्रसिद्धच होतें. त्याच वर्षीं स्टुअर्ट श्रायबर यांच्या प्रयोगशाळेस मानवी पेशींत ॲसिटिल उतरविणारें विकर सांपडलें, तें यीस्टमधील आरपीडी-३ या जनुकें निजविणाऱ्या प्रथिनाचें भावंड होतें. चढविणारा जागवितो, उतरविणारा निजवितो. हिशेब दोन्ही बाजूंनीं जुळला. ग्रनस्टीन व ॲलिस या दोघांस २०१८ सालीं लास्कर पारितोषिक मिळालें.

५. गॅलॅक्टोजचें उदाहरण

आतां एकाच कामाची साद्यंत हकीकत पाहूं. तूर, हरभरा व सोयाबीन यांच्या दाण्यांत ज्या विशेष शर्करा असतात, त्यांत गॅलॅक्टोज ही साखर बांधलेली असते. दुधाच्या साखरेंतहि ती अर्धी असते. सुटी झालेली गॅलॅक्टोज यीस्ट खाऊं शकतें, परंतु ग्लुकोज समोर असतां तिला शिवत नाहीं. दोन्ही साखरा एकत्र दिल्यास तें आधीं ग्लुकोज संपवितें, मग वाढ कांहीं वेळ थांबते, आणि त्यानंतर गॅलॅक्टोज खाण्यास आरंभ होतो. मधल्या थांबण्याच्या काळांत काय घडतें?

गॅलॅक्टोजच्या जनुकांच्या दाराशीं गॅल-४ नांवाचें प्रथिन असतें. परंतु गॅल-८० नांवाचें दुसरें प्रथिन त्याचें तोंड दाबून ठेवितें. शिवाय ग्लुकोज असतां कांहीं प्रथिनें ॲसिटिल उतरविणाऱ्या विकरांस तेथें बोलावून गांठ आवळून ठेवितात. ग्लुकोज संपून गॅलॅक्टोज आंत आली म्हणजे ती गॅल-३ या प्रथिनास मिळते, व गॅल-३ हें गॅल-८० ला धरून बाजूस करितें. मोकळें झालेलें गॅल-४ मग एका मोठ्या प्रथिनमंडळास पाचारण करितें. वर सांगितलेलें जीसीएन-५ याच मंडळाचें सभासद होय. हें मंडळ हिस्टोनांवर ॲसिटिलाच्या खुणा करितें, आणि जनुक वाचणारें यंत्र दाराशीं बसविण्यासहि मदत करितें. दुसरीं मंडळें फिरक्या बाजूस सारितात. वाचन सुरू होतें, व जें जनुक जवळजवळ मुकें होतें त्याचें काम सुमारें हजारपट वाढतें.

येथें पेशीची एक शिस्त पाहण्याजोगी आहे. वाचणारें यंत्र पुढें जातांना त्याच्याबरोबरच एक विकर एच-३ या हिस्टोनावर मेथिलाची खूण करीत जातें. ती खूण पाहून आरपीडी-३ चें मंडळ मागाहून येतें व सैल झालेल्या गांठी पुन्हां आवळतें. नाहींतर मधल्याच ओळीपासून भलतेंच वाचन सुरू होण्याचा धोका असतो. ही गोष्ट २००५ सालीं यीस्टमध्येंच उघडकीस आली. चांगला कारकून कागद पाहून झाल्यावर रुमाल पुन्हां बांधतो, तसेंच हें आहे.

मुंबईच्या आय.आय.टी.मध्यें प्रा. पी. जे. भट यांनीं या गॅलॅक्टोज-यंत्रणेचा दीर्घकाळ अभ्यास केला व २००८ सालीं तिजवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. नांदेड व लातूर हे प्रदेश १९५६ पर्यंत ज्या हैदराबाद राज्यांत होते, त्याच्या राजधानींतील पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रांतहि यीस्टच्या जनुकांवरील फिरक्यांचें संशोधन झालें आहे. हा विषय आपल्यापासून दूर नाहीं, हें दाखविण्यापुरताच हा उल्लेख केला.

६. पेशीची आठवण

खुणांचें आणखी एक वैशिष्ट्य आहे. कांहीं रुमाल एकदां बांधले म्हणजे पिढ्यानुपिढ्या बांधलेलेच राहतात. यीस्टच्या गुणसूत्रांच्या टोंकांजवळील जनुकें अशींच मुकीं असतात. तेथें एसआयआर-२ हें विकर ॲसिटिल सतत उतरवीत असतें. १९८९ सालीं यीस्टच्या एका विशिष्ट वाणांत असें दिसलें कीं, सर्व पेशींतील जनुकें अगदीं एकसारखीं असूनहि कांहींत एक जनुक मुकें व कांहींत बोलतें असे. आणि मुक्या पेशीच्या लेकी बहुधा मुक्या, बोलत्या पेशीच्या लेकी बहुधा बोलत्या निपजत. क्वचित् एखादी पेशी बाजू बदली. अक्षर न बदलतां वागणूक वारशानें येते, ती अशी.

परंतु ही आठवण कायमची नव्हे. गॅलॅक्टोजवर वाढलेलें यीस्ट ग्लुकोजवर आणून पुन्हां गॅलॅक्टोजवर नेलें तर तें नव्या यीस्टपेक्षां लवकर कामास लागतें. पण ही आठवण कांहीं पिढ्यांत विरून जाते. शिवाय या आठवणीचा बराच भाग खुणांत नसून, आईच्या पेशींत आधीं तयार झालेलें प्रथिन लेकींस वांटणीनें मिळतें त्यांत असतो. तेव्हां प्रत्येक बदललेली वागणूक खुणांमुळेंच झाली, असें मानणेंहि चुकीचें होईल.

७. शेतकऱ्यानें यांतून काय घ्यावें

यीस्ट व पीक यांत पुष्कळ अंतर आहे. पिकांत यीस्टपेक्षां अधिक प्रकारच्या खुणा असतात. परंतु धागा, फिरकी व चिठी हा मूळ कारभार दोहोंत एकच आहे. थंड देशांत शरद ऋतूंत पेरलेल्या सातूस हिंवाळ्याची थंडी लागल्यावांचून फूल येत नाहीं. त्यांतील फुलोऱ्याच्या जनुकावरच्या हिस्टोन-खुणा थंडीनें बदलतात, असें २००९ सालीं प्रसिद्ध झालें. म्हणजे हवापाणी हें बियांतील लेख पुसून नवा लिहीत नाहीं. कोणता रुमाल उघडावा याचा हुकूम मात्र तें देतें. यावरून तीन गोष्टी निघतात.

पहिली, बियाण्याच्या निवडीची. आपण सोयाबीन, तूर किंवा हरभरा यांचें बीं घरचेंच राखतों, तेव्हां सर्वांत दांडगीं झाडें निवडण्याकडे मन ओढतें. परंतु उकिरड्याच्या जागेवरचें, पाटाच्या कडेचें किंवा विरळ पडलेल्या जागेंतील झाड दांडगें दिसतें तें बहुधा चांगल्या जागेमुळें. त्याच्या बियांत कांहीं अधिक लिहिलेलें असतें असें नाहीं. बीं राखण्याकरितां शेताच्या मध्यभागीं, सारख्या जमिनींत, सारख्या अंतरावर व शेजाऱ्यांच्या बरोबरीनें वाढलेलीं झाडें पाहावीं, आणि त्यांत जें सरस दिसेल तें घ्यावें. सारख्या स्थितींत जें सरस ठरतें, त्याचाच गुण लेखांत असण्याचा संभव अधिक. तसेंच एखादा वाण एका वाईट सालीं फसला म्हणून तो टाकून देऊं नये. त्याचा गुण कदाचित् रुमालांतच राहिला असेल. दोन-तीन हंगाम व दोन प्रकारच्या जमिनी पाहून मग निकाल द्यावा.

दुसरी, यीस्टच्या कारखान्यांची. ज्यांचा ऊस कारखान्यास जातो, त्यांचा मळीशींहि संबंध आहे. यीस्ट एका अन्नावरून दुसऱ्यावर आणलें असतां त्यास आपले रुमाल उघडण्या-बांधण्यास वेळ लागतो. म्हणून परीक्षानळींतील यीस्ट एकदम मोठ्या टाकींत न ओततां, लहान भांड्यांतून मोठ्या भांड्यांत पायरीपायरीनें, मळीचें प्रमाण वाढवीत नेण्याची रीत आहे. तींत घाई केल्यास आरंभींचा वेळ फुकट जातो व रानटी जीवाणूंस शिरकाव मिळतो.

तिसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट पैशाची आहे. "हें औषध फवारा म्हणजे पिकांतील निजलेलीं जनुकें जागीं होतील", असें सांगणारा विक्रेता बांधावर आला तर त्याचें वाक्य सर्वस्वीं खोटें असतें असें नाहीं. पाणी, खत, ऊन, थंडी हीं सर्वच जनुकें जागवितात व निजवितात. परंतु त्या वाक्यावरून औषधाचा गुण सिद्ध होत नाहीं. कोणतें जनुक, किती काळ, व त्यानें एकरीं उत्पन्न किती वाढलें, हें विचारावें. उत्तर न मिळाल्यास अर्धा एकर फवारून शेजारचा अर्धा एकर तसाच ठेवावा, दोहोंची मळणी वेगळी करावी व वजन करावें. परभणीच्या कृषि विद्यापीठाच्या शिफारशींत त्या वस्तूचें नांव आहे कीं नाहीं, हेंहि पाहावें. आणि एका हंगामांत आलेला तजेला पुढच्या वर्षींच्या बियांत उतरेल, अशा भरंवशावर तर एक पैसाहि खर्चूं नये. पेशीची आठवण बहुधा अल्पायुषी असते, हें वर आलेंच आहे.

उत्तम बीं मिळविणें हें निम्में काम होय. त्यांतील लेख वाचला जाईल अशी स्थिति शेतांत निर्माण करणें, म्हणजे वेळेवर पेरणी, योग्य ओल, स्फुरदादि खतांचा समतोल व निचरा यांकडे लक्ष देणें, हें उरलेलें निम्में काम आहे. पहिल्यास पैसा लागतो, दुसऱ्यास नित्य देखरेख लागते. आमचे वाचक या खरिपांत दोहोंकडे सारखेंच लक्ष पुरवितील, अशी आम्हांस आशा आहे.